मेजावरची लाल भाकरी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता आळीतल्या पोरांना तुमचं नाव सांगितलं तर ती दुसऱ्याच कुणाच्या घराकडे बोट दाखवतात. तरी लिहायला बसले आहे ती तुम्हालाच. कारण जिवंत आहेत ती माणसं सध्या माझ्याशी बोलत नाहीत आणि खरं म्हणजे त्यांच्याशी बोलण्याची इच्छा मलाही उरलेली नाही. उद्या रविवार. उपासना संपली की पाळकसाहेब मला पुढे बोलावतील. मी मंडळीकडे तोंड करून एवढंच म्हणायचं आहे की त्या दिवशी मी पायऱ्यांवर वाटली ती नुसती भाकरी होती आणि ज्यांनी ती प्रभुभोजन म्हणून खाल्ली त्यांची समजूत चुकली. एवढं म्हटलं की मंडळीचे पंच मला क्षमा करतील, कुणीतरी गीत सुरू करील आणि सगळे घरी जेवायला जातील. नाही म्हटलं तर मंडळीतून माझं नाव कमी होईल. मंडळीत नाव नसलेली बाई मिशनच्या शाळेत शिकवू शकत नाही, हेही थोरल्या पंचांनी मला सांगून ठेवलं आहे, अगदी मायेच्या आवाजात, आजाऱ्याला औषध सांगावं तसं. आई चुलीपुढे बसून एकच धोशा लावते आहे, "म्हण की बया एवढं. तोंडाला काय भाडं पडतं?"

तुम्ही आमच्या मंडळीच्या बायबल बाई होतात. आज हे काम कुणी करत नाही, म्हणून ते काय होतं हेही लोक विसरले. काखेत पुस्तकाची पिशवी, हातात काळी छत्री, पायांत टायरच्या वहाणा. वस्त्यावस्त्यांवर जाऊन बायकांना येशूच्या गोष्टी सांगायच्या. पण गोष्ट सांगण्याआधी त्या घरातलं तापलेलं मूल दवाखान्यात न्यायचं, बाळंतिणीला पाणी तापवून द्यायचं, नवऱ्याने मारलेलीच्या पाठीला हळद लावायची. गोष्टीला वेळ उरला तर उरला. आणि एवढं सगळं करून रविवारी देवळात येऊन सर्वांच्या मागे भिंतीला टेकून बसायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा पावाचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, आणि तो द्राक्षरस तुमच्या चुलीवर व्हायचा. शनिवारची दुपार आहे. तुम्ही काळ्या मनुका तीन पाण्यांनी धुता, पितळी पातेल्यात उकळता, फडक्यातून पिळून काढता, आणि चोथा माझ्या ओंजळीत टाकता. मी जमिनीवर मांडी घालून तो चघळते. गोडी सगळी रसात गेलेली असते, तरी मला तो चोथा फार आवडतो. "बाई, हे खरंच येशूचं रक्त आहे?" मी विचारते. तुम्ही फडकं झटकत म्हणता, "हे मनुकांचं पानी हाय. उद्या सगळी गप बसून पितात, तवा त्याचं दुसरं कायतरी हुतं." "कसं होतं?" "ते मला काय ठावं? माझं काम उकळायचं."

आपल्या लोकांना बाप्तिस्मा घेऊन तीन पिढ्या झाल्या. पूर्वीच्या जातीचं नाव आता कुणी तोंडाने काढत नाही. वरली आळी आणि खालली आळी एवढं म्हटलं की काम भागतं. तुम्ही खालल्या आळीच्या, पंच सगळे वरल्या आळीचे. तुमच्या चुलीवरचा द्राक्षरस ते डोळे मिटून, मान लववून प्यायचे. पण तुमच्या भाच्याच्या लग्नात तुमच्या चुलीवरचं कालवण त्यांना चाललं नाही. कुणाला पोटदुखी झाली, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाला त्याच दिवशी नगरला काम निघालं. आम्हीही वरल्या आळीचेच. बाबा मिशनच्या बागेत पाणी घालायचे, घरात पीठ असेल तर मीठ नसायचं, पण आळी वरली. मी तुमच्याकडे निघाले की आई हळूच सांगायची, "मनुका खा, भाकरी नको खाऊ." मी ऐकलं नाही. तुमच्याकडची ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मी भरपूर खाल्ला. आईला हे ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, आणि आमच्या मंडळीत देवावरच्या श्रद्धेपेक्षाही घट्ट असलेली गोष्ट म्हणजे ठाऊक असून न बोलणं.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी रविवारच्या शब्बाथशाळेत सर्वांत हुशार होते आणि ते मला फार लवकर कळलं होतं. वस्तीवरची एक बाई लेकरू घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. लेकराला मुताचा वास येत होता. मी नाक दाबून सरकले. बाहेर आल्यावर माझा कान धरलात आणि म्हणालात, "देवाच्या घरात नाक वर करून बसायचं न्हाई. छत गळतं तवा पैलं पानी त्याच नाकात जातं." बाकीच्या पोरी हसल्या. मी आठवडाभर तुमच्याकडे आले नाही. मग एका दुपारी तुम्हीच आलात, हातात एक निळं झंपर घेऊन. नाताळात परदेशातून कपड्यांची गाठोडी यायची. आधी पंचांच्या बायका निवडायच्या, मग मास्तरांच्या, आणि गाठोडं तुमच्यापर्यंत येईतो त्यात एखादी फाटकी टोपी किंवा आपल्याकडे कुणी घालणार नाही असला झगा उरायचा. त्या वर्षी तुमच्या वाट्याला एका लठ्ठ मडमेचा निळा झगा आला होता. तो उसवून तुम्ही माझ्या मापाचं झंपर शिवलं होतंत. "बोर्डिंगात जाशील तवा घाल. तिथं पोरी कापडं बघत्यात," असं म्हणालात. बोर्डिंगात जायचं माझं ठरलंच नव्हतं. तुम्ही पाळकांकडे, हेडमास्तरांकडे, बाबांकडे खेटे घालून ते ठरवलंत. मी आज जी काही आहे ती त्या खेट्यांमुळे.

तुम्ही गेलात तेव्हा मी बोर्डिंगातून आले होते. थोरल्या पंचांनी कबरीपाशी लांबलचक भाषण केलं. उन्हाळ्याचे दिवस असूनही त्यांनी बंद गळ्याचा काळा कोट घातला होता. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, नम्र सेविका, नम्र सेविका. मला त्या वयातही कळलं की नम्र म्हणजे जिने आपल्याला कधी काही विचारलं नाही ती. तुमच्या घरी पाणीही न प्यालेला माणूस तुमच्या नम्रपणाबद्दल बोलताना गहिवरला होता. खोटं रडत नव्हता बरं का, खरंच रडत होता. खोटं रडला असता तर मला इतका राग आला नसता.

मग मी नगरला बी. ए. झाले. आमच्या घरातली पहिलीच, आणि मुलींमध्ये मंडळीतलीही पहिली. देवळात सत्कार झाला. पोरीला इतकं शिकवून काय करणार म्हणून ज्यांनी बाबांना नाक्यावर अडवलं होतं त्यांनीच हार घातला. शहरात नोकरी मिळत होती. मी परत आले. मला सेवा करायची होती, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही. ख्रिस्ती असणं म्हणजे सेवा, आणि सेवा म्हणजे आपल्या लोकांत परत जाणं, एवढं सोपं होतं ते माझ्या डोक्यात. मला शाळेत पाचवीचा वर्ग मिळाला, आणि प्रभुभोजनाचा रस करून मेज मांडण्याचं तुमचं जुनं कामही मिळालं. "शिकलेली आहे, हात स्वच्छ असतील," असं थोरले पंच म्हणाले. तुमचे हात कसे होते म्हणून मी विचारायला हवं होतं. सत्काराचा हार अजून सुकला नव्हता, म्हणून नाही विचारलं.

आता इकडचं सांगते. पाऊस नाही. मागच्या सालीही नव्हता. आपल्या भागात पाणी कमीच, पण या वेळी विहिरींचे तळ उघडे पडले आहेत. गावापासून दोन कोसांवर सरकारने पाझर तलावाचं काम काढलं आहे. वस्त्यांवरची माणसं तिथेच पाचटाच्या झोपड्या घालून राहतात. बाया खडी फोडतात, माती वाहतात. रेशनवर मिळतो तो मिलो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी ही, तिकडे म्हणे जनावरांना घालतात. तिला आपल्या ज्वारीची चव नाही की चिकटपणा नाही. पीठ उकळत्या पाण्यात मळल्याशिवाय भाकरी थापताच येत नाही, थापली तरी कडेने फाटते, आणि रंग विटकरीसारखा. सगळे तीच खातात. वरली आळी खाते, खालली आळी खाते, पाळकसाहेब खातात, थोरले पंचही खातात. फक्त पंचांच्या घरी ती दार लोटून खातात.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे गेल्याच रविवारी, नगरहून पाव आला नाही. प्रभुभोजनाचा पाव नगरच्या बेकरीतून शनिवारच्या शेवटच्या एस.टी.ने येतो, कंडक्टरजवळ, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. गोऱ्या साहेबांच्या वेळेपासून असंच चालत आलं आहे. साहेब कधीच मायदेशी गेले, पण पाव नगरहूनच येतो. त्या शनिवारी गाडीच आली नाही. सकाळी मी पाळकसाहेबांकडे गेले तर ते दाढी करत होते. म्हणाले, "बघा बाई काय करता येतं ते." हे त्यांचं आवडतं वाक्य आहे. मी घरी आले, पाणी उकळलं, मिलोचं पीठ मळलं आणि दोन भाकरी थापल्या. आई पाहत होती. "ही देवाच्या मेजावर? देव काय म्हनंल?" "दुष्काळात देव काय खात असेल?" मी विचारलं. "त्याला गं कशाला दुष्काळ," असं म्हणून तिने तरीही भाकरी नीट शेकून दिली, करपू दिली नाही.

मी भाकरी ताटात ठेवल्या, वर पांढरा कपडा घातला. त्या दिवशी देऊळ भरलं होतं, कारण तलावावरच्या आपल्या बाया सुटीचा दिवस म्हणून आल्या होत्या. डोक्याला तेल नव्हतं, पण लुगडी धुतलेली. बोटांना चिंध्या बांधलेल्या. त्यांच्या वस्तीवर पाळक फिरकत नाहीत, तेव्हा बऱ्याच जणींनी कितीतरी वर्षांत प्रभुभोजन घेतलेलं नव्हतं. त्या मागे जमिनीवर बसल्या, जिथे तुम्ही बसायचात तिथे. उपदेश झाला, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी कपडा उचलला आणि ते थांबले. त्यांनी भाकरीकडे पाहिलं, मग वर देवाकडे पाहायच्या ऐवजी थोरल्या पंचांकडे पाहिलं. थोरले पंच पहिल्या बाकावरून उठले. आवाज चढवला नाही. "पाळकसाहेब, झाका ते."

आणि त्यांनी झाकलं, बाई. बाप्तिस्मा देणारा, लग्नं लावणारा, मेलेल्यांना मातीत उतरवणारा माणूस, त्याने मुकाट्याने कपडा परत टाकला. म्हणाले, काही अडचणीमुळे आजचं प्रभुभोजन पुढच्या महिन्यात होईल, आपण शेवटचं गीत गाऊ. लोक उठले आणि गायला लागले, मोठ्या आवाजात, तीन सुरांत. आमची मंडळी गाते फार सुंदर. मागच्या बायांना काही कळलं नव्हतं. "झालं का?" एकीने दुसरीला विचारलं. "न्हाई वाटतं. पुढच्या म्हैन्यात हाय म्हने." "पुढच्या म्हैन्यात काम कुठं असंल कुनाला ठावं." द्राक्षरस पाळकीणबाईंनी घरी नेऊन मुलांना पाजला. वाया जाऊ दिला नाही.

मी ताट उचललं आणि बाहेर आले. बाया पायऱ्यांवर बसून वहाणा घालत होत्या, दोन कोस उन्हात परत जायचं होतं. मी भाकरीचे तुकडे करून वाटले. "खा, लांब जायचंय," याशिवाय एक शब्द मी बोलले नाही. हे पंचांनाही मी सांगितलं आणि ते खरं आहे. पण त्यांनी लगेच खाल्लं नाही. एक म्हातारी होती, पाथर्डीकडची, काटकुळी, दात नसलेली. तिने पायातली घातलेली वहाण परत काढली, डोक्यावर पदर घेतला आणि एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून हात पुढे केले, तुम्ही शिकवायचात तसे. तिचं पाहून बाकीच्यांनीही वहाणा काढल्या. सगळ्यांना मिळेपर्यंत कुणी तोंडात घातलं नाही. एकीने लेकराच्या तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी डोळे मिटून खाल्लं, म्हातारीने बराच वेळ चघळलं, आणि आमेन म्हणाली. त्यांच्या मागून मीही म्हणाले. वर दारात थोरले पंच उभे होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पंच कमिटी बसली. माझ्याच वर्गात, पाचवीच्या पोरांच्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन. थोरल्या पंचांनी विचारलं, "तू प्रभुभोजन वाटलंस?"

"मी भाकरी वाटली."

"दीक्षा नसताना, पाळकांना न विचारता?"

"भाकरी वाटायला दीक्षा लागत नाही."

"चांगलं. मग रविवारी मंडळीपुढे तेच म्हण. नुसती भाकरी होती, ज्यांना दुसरं वाटलं त्यांची समजूत चुकली. आम्हाला तुझं वाईट करायचं नाही."

मी त्यांना विचारलं की आपण दर रविवारी देवाकडे रोजची भाकरी मागतो, ती ताटात आली तर झाकली का? एक पंच हसले, म्हणाले, "पोरगी कॉलेजात वाद घालायला शिकून आली." पण थोरले पंच हसले नाहीत. "मिलो आपण घरात खातो," ते म्हणाले. "घरातलं घरात. तुझ्या आज्याला या गावाने उंबऱ्याबाहेरून शिळं टाकलं. माझ्या बापाला टाकलं. आपण त्यातून निघालो ते या मेजापर्यंत आलो. इथे पांढरा पाव मिळतो, पांढऱ्या कपड्यावर मिळतो, आणि जो गावच्या पाटलाला मिळत नाही तो आपल्याला मिळतो. तू तिथे जनावराचा चारा आणून ठेवलास."

"तो चारा वाटायला सरकार आहे, आणि खायला आपण आहोत," मी म्हणाले. "येशू काय फक्त नगरच्या बेकरीत मिळतो?"

"तुला कळणार नाही. तुझ्या हातावर कुणी लांबून भाकरी टाकली नाही."

क्षणभर मला त्यांची कीव आली. क्षणभरच. कारण मला आठवलं की हाच माणूस तुमच्या भाच्याच्या लग्नाला पोट दुखतं म्हणून आला नव्हता. ज्याच्या बापाला लांबून टाकलं त्याने शिकायचं ते एकच शिकलं, लांब कसं राहायचं. पांढरा पाव खाऊन खाऊन त्यांना वाटायला लागलं की आपणही आतून पांढरे झालो. जाताना पाळकसाहेब मागे रेंगाळले. दाराकडे पाहून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाई, मनातून मी तुमच्याच बाजूचा आहे." मनातून. आमच्या मंडळीत जे जे चांगलं होतं ते मनातच होतं. बाहेर येतं ते गाणं.

खरं सांगते, तरीही मी ते वाक्य म्हणणार होते. मला वाटलं, शब्दच आहेत. भाकरी भाकरीच होती, मी काही मंत्र म्हटले नव्हते. नोकरी राहील, पोरांना शिकवता येईल, बाबांचं थकलेलं शरीर आता काम करू शकत नाही, घर माझ्यावर आहे. पण काल शाळा सुटताना ती म्हातारी दारात येऊन उभी राहिली. तलावावरून चालत आली होती. पाणी दिलं तर आधी तोंडावर मारलं, मग प्यायली.

"सलाम बाई. ऐकलं त्ये खरं का? तुमी म्हननार हायेत म्हने, आमी खाल्लं ते देवाचं नव्हतं."

मी म्हणाले, "पंच तसं म्हणायला सांगतात."

"पंचांचं ऱ्हाऊ द्या. मी तुमाला इचारतीया." ती उंबऱ्यावर बसली. "माझी लई अडचन झालीया. त्या दिसापासनं मी कुनाला वंगाळ बोलले न्हाई. परभूचं घेतलं का मन साफ ठेवावं लागतं, तुमच्या त्या छत्रीवाल्या मोठ्या बाई सांगायच्या. पर शेजारच्या झोपडीतली सटवी माझी मातीची पाटी पळवती रोज. मी गप. काल माझ्या पान्याच्या घागरीत हात घातला, तरी गप. जीभ नुस्ती वळवळती बाई. आता देवाचं नसंल ते, तर तसं सांगा. मी आजच जाऊन तिला धरते." मला हसू आलं. तिला नाही आलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "धा-बारा वर्सांनी घेतलं हुतं मी. म्हातारा गेल्यापासनं पैल्यांदा. मला वाटलं, आपून अजून हाय त्याच्या मानसांत. न्हाई म्हनत असाल तर न्हाई. पर मला तोंडावर सांगा, तिथं देवळात नगं."

बाई, मी इतिहास आणि मराठी घेऊन पास झाले आहे. धर्मशास्त्राचं मला काही कळत नाही. मी तिला म्हणाले, "देवाचंच होतं, आजी."

"मंग ऱ्हायलं," म्हणत ती उठली. शिव्या गेल्याचं दुःख तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. वळणावर थांबून तिने हात जोडले आणि गेली.

आता तुम्ही असतात तर काय केलं असतंत, ते मला ठाऊक आहे आणि तेच मला सहन होत नाही. तुम्ही उद्या उभ्या राहून ते वाक्य म्हटलं असतंत, डोकं खाली घालून, आणि सोमवारी छत्री घेऊन तलावावर जाऊन म्हातारीला वेगळंच सांगितलं असतंत. दोघांनाही बरं वाटलं असतं. पंच तुम्हाला नम्र म्हणाले असते. तुम्ही जन्मभर तेच केलंत. ज्यांनी तुमच्या घरचं अन्न नाकारलं त्यांच्यासाठी दर महिन्याला मनुका उकळल्यात, आणि मला सांगितलंत की नाक वर करू नको. ते नाक वर करून बसले होते तेव्हा तुम्ही त्यांचा कान का धरला नाहीत? माझा धरता आला, कारण मी लहान होते. तुमच्यावर माझा जीव होता आणि आहे, पण तुमच्या त्या गप्प बसण्याला मी सेवा म्हणू शकत नाही. ते गप्प बसणं खाऊन ही मंडळी एवढी माजली. मला हे तुम्हाला जिवंतपणी म्हणता आलं नसतं, कारण तुम्ही नुसतं हसला असतात आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं असतंत.

उद्या मी ते वाक्य म्हणणार नाही. मला विचारतील तेव्हा सांगेन की आजीने जे घेतलं ते प्रभुभोजन होतं, आणि ते नव्हतं असं म्हणायचा अधिकार ना मला ना पंचांना. मग ते नाव कमी करतील. करू देत. कुणाचं नाव कुठे लिहायचं हे ठरवणारी ही माणसं कोण, एक बंद गळ्याचा कोट, एक मनातून बाजूचा पाळक, आणि बाकीचे सगळे ज्यांना ठाऊक आहे आणि जे बोलणार नाहीत. दुसरं काम शोधीन. तलावावर हजेरी मांडायला शिकलेलं माणूस लागतं म्हणतात. पुढच्या रविवारी मी देवळात जाऊ शकणार नाही याचं मला वाईट वाटायला नको, पण वाटतं. इतक्या क्षुद्र माणसांत बसून गायल्याशिवाय मला प्रार्थना करताच येत नाही, हा काय प्रकार आहे ते तुम्हीच मला सांगू शकला असतात.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या कबरीवर दगडाखाली ठेवावं तर शेळ्या खातील, या सालात शेळ्या कागदही सोडत नाहीत. राहू दे इथेच. पण पाठवायचंच नाही तर एक गोष्ट लिहून टाकते, जी मी आईलाही बोलले नाही. उद्याचं सगळं मी मनात रंगवून ठेवलं आहे, कुठे उभी राहीन, कुणाच्या डोळ्यांत पाहीन. नाव कमी होण्याची मला आता फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती दुसरीच. त्या बाकांवरून कुणीतरी उठेल, पाळकीणबाई असतील, आई असेल, कदाचित तो कोटवाला म्हाताराच असेल, आणि म्हणेल की पोरगी खरं बोलते आहे. मग मी या माणसांचं काय करू?